कोंबडा बाहेर!

शनिवार सकाळ. पाऊस नुकताच थांबलेला. इंग्लंडातल्या एका गावाबाहेरच्या ओल्या मैदानावर आठ-दहा जण लाकडी लाँगबो घेऊन एका ओळीत उभे. त्यातला एक मी. ऑनसाइटच्या दोन वर्षांत लोक युरोप फिरतात, गाड्या घेतात. मी हे एक व्यसन लावून घेतलं. सोमवार ते शुक्रवार कोणाच्या तरी कोडमधले बग शोधायचे आणि शनिवारी गवतात हरवलेले बाण शोधायचे.

ओळीच्या मागून आमचे शिकवणारे आजोबा ओरडायचे, "कॉक फेदर आउट!" बायकोने पहिल्याच दिवशी याचं भाषांतर केलं, "कोंबडा बाहेर." तेव्हापासून आमच्या घरात हा नियम याच नावाने चालतो.

ज्यांनी कधी बाण हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाणाच्या मागच्या टोकाला एक खाच असते, तिला नॉक म्हणतात. धनुष्याची दोरी त्या खाचेत बसते. खाचेच्या थोडं पुढे तीन पिसं चिकटवलेली असतात, एकमेकांपासून १२० अंशांवर. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं. ते कॉक फेदर, म्हंजे आमचा कोंबडा. उरलेली दोन हेन फेदर्स, अर्थात कोंबड्या. (हो, इंग्रजीत खरंच असं म्हणतात, मी बनवत नाहीये.) कोंबडा खाचेशी काटकोनात असतो, आणि बाण दोरीला लावताना तो धनुष्यापासून लांब, बाहेरच्या बाजूला यायला हवा. झालं. एवढाच नियम.

आता माझी खोड अशी की नियम सांगितला की मी "का?" विचारतो. मी तिघांना विचारलं आणि तीन उत्तरं आली. एक म्हणाला, पीस धनुष्याला घासू नये म्हणून. दुसरा म्हणाला, बाण नीट फिरावा म्हणून. तिसरा म्हणाला, असंच करतात. शेकडो वर्षं असंच करत आलेत. तिसऱ्याच्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त आत्मविश्वास होता. असतोच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नियम बरोबर आहे. पण जे कारण देऊन तो शिकवतात ते अर्धवट आहे, आणि लाकडी बाणाच्या बाबतीत ज्या कारणासाठी तो पाळायला हवा ते कोणी सांगतच नाही. परिणामी माणसं नियम काटेकोर पाळतात आणि तरी हात फोडून घेतात. माझा फुटलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी ते अर्धवट कारण बघू. कोंबडा बाहेर ठेवला की धनुष्याच्या बाजूला दोन कोंबड्यांमधली १२० अंशांची मोकळी जागा येते आणि धनुष्याचा दांडा त्या फटीतून जातो. कोंबडा आत ठेवला तर तो सरळ दांड्यावर आपटणार. कागदावर चित्र काढलं की लगेच पटतं. पण बाण कागदावर उडत नाही. बाण दोरीच्या मधोमध असतो आणि समोर धनुष्याचा दांडा आडवा आलेला असतो, तरी बाण नेम धरला तिथेच जातो. याला 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉप्स्टेग या शास्त्रज्ञ मंडळींनी अतिवेगवान कॅमेरे लावून बघितलं तेव्हा दिसलं की दोरी सुटल्यावर बाण पाण्यातल्या माशासारखा डावी-उजवीकडे वाकत, दांड्याला वळसा घालून जातो. बाणाचा कडकपणा धनुष्याच्या जोराशी जुळलेला असेल तर पिसांचा भाग दांड्यापाशी येईपर्यंत मागचं टोक बाहेर झुकलेलं असतं. म्हंजे घासाघासी होतच नाही, किंवा अगदी नावापुरती होते.

यावर कोणाशी वाद घालण्यापेक्षा करून बघावं म्हणून मी एका रविवारी पिसांना टाल्कम पावडर फासली आणि धनुष्याच्या मुठीला काळी टेप गुंडाळली. (बायको: "अरे, पावडर संपली की तूच आणायची.") माझ्या धनुष्याशी जुळणारे बाण कोंबडा बाहेर ठेवून सोडले, मग कोंबडा आत ठेवून सोडले. टेपवर सांगण्यासारखा फरक नाही, टार्गेटवरही नाही. मग एका मित्राचे जास्त कडक बाण सोडले. आता कोंबडा आत असताना टेपवर पांढरा पट्टा आणि बाण डावीकडे. म्हंजे घासण्याचं कारण खोटं नाही, पण ते मुख्यतः न जुळणाऱ्या बाणांचं कारण आहे. आणि बाण जुळत नसतील तर उपाय बाण बदलणं हा आहे, कोंबडा फिरवणं हा नव्हे. शिवाय ही पिसं आहेत, प्लॅस्टिकच्या पात्या नव्हेत. घासली तरी दबतात आणि परत उभी राहतात. परंपरावाले अजून पिसं वापरतात ते काही नुसतं दिसायला छान म्हणून नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते.

एक लाकडी बाण हातात घ्या आणि उजेडात हळूहळू फिरवा. दोन बाजूंना सरळ समांतर रेषा दिसतील. उरलेल्या दोन बाजूंना लांबट टोकं दिसतील, ज्वाळांसारखी किंवा भाल्याच्या पात्यांसारखी. झाडाच्या वाढीची वलयं दांडीतून तिरकी बाहेर पडतात, त्यांची ही टोकं. थोडक्यात लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं नसतं. ते थरांचं असतं, आणि थरांना दिशा असते.

त्या दिशेवरून तीन गोष्टी ठरतात. पहिली, खाच थरांना आडवी छेदणारी हवी. ती थरांच्या बाजूने असेल तर दोरीच्या धक्क्याने दांडी मागून उभी चिरू शकते, कुऱ्हाडीने ढलपी काढावी तशी. दुसरी, समांतर रेषांची बाजू धनुष्याकडे हवी. लाकूड त्या दिशेने वाकायला जास्त कडक असतं, आणि डझनभर बाण एकसारखे वाकायला हवे असतील तर सगळ्यांचे थर एकाच दिशेत हवेत.

तिसरी गोष्ट हाताची आहे. बाण लावल्यावर वरच्या बाजूला दिसणारी ती टोकं पुढे, टार्गेटकडे रोखलेली हवीत. समजा बाणाला कुठे बारीक तडा आहे आणि तो सोडतानाच मोडला. लाकूड थरांच्या उतारावरूनच मोडतं. टोकं पुढे असतील तर दोरीने रेटलेला मागचा तुकडा त्या उतारावरून वर सरकतो, हवेत जातो. टोकं मागे असतील तर तोच तुकडा खाली घसरतो. आणि खाली काय असतं? धनुष्य धरलेला तुमचा हात. लाँगबोला बाण टेकवायला बहुधा वेगळी फळी नसते. बाण मुठीवरच टेकलेला असतो.

आता बघा, खाच थरांना आडवी केली की बाण दोनच प्रकारे दोरीला लागू शकतो, सुलटा किंवा १८० अंश फिरवून. एका प्रकारात टोकं वर आणि पुढे, दुसऱ्यात वर आणि मागे. खाचेकडे बघून हे कळत नाही, ती दोन्हीकडून सारखीच दिसते. मग कळायचं कशावरून? कोंबड्यावरून! लाकडी बाणावरचं ते वेगळ्या रंगाचं पीस म्हंजे एक लेबल आहे. 'ही बाजू बाहेर ठेव, म्हणजे आतलं लाकूड बरोबर बसेल.' रॉजर अ‍ॅस्कम नावाच्या इंग्रज पंडिताने १५४५ साली 'टॉक्सोफिलस' हे तिरंदाजीवरचं पुस्तक लिहिलं (हा पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला). त्यातही काळ्या किंवा करड्या कॉक फेदरचं काम हेच सांगितलंय की बाण बरोबर लावायची सूचना माणसाला मिळावी. सूचना! पावणेपाचशे वर्षं झाली. सूचना शिल्लक राहिली, ती कशाबद्दल होती ते गळून पडलं.

आता माझ्या हाताची गोष्ट. दुसऱ्या वर्षी मी हौसेने एका दुकानातून तयार बाणांचं डझन मागवलं. सीडरच्या दांड्या, दोन पांढरी पिसं, एक लालभडक कोंबडा. फारच देखणे. तीन महिने वापरले. एका शनिवारी त्यातला एक टार्गेटच्या लाकडी चौकटीवर आपटला. मी उपटला, पुसला, आणि न वाकवता, न तपासता पुढच्या फेरीत परत लावला. ही चूक माझी, शंभर टक्के. लाकडी बाण आपटला की वाकवून, बोटांत फिरवून, कान देऊन बघायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं. आजोबा ओरडले, "कॉक फेदर आउट!" मी बघितलं, कोंबडा बाहेर. खेचला, सोडला. काड्कन आवाज आला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यामागे गरम वाटलं. बोटाच्या पेराएवढी ढलपी आत गेली होती. तीन टाके. डॉक्टर बाईंनी विचारलं, "कशाने लागलं?" मी म्हटलं, "बाणाने." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

घरी येऊन उरलेले अकरा बाण दिव्याखाली फिरवून बघितले. सगळ्यांचे कोंबडे खाचेशी बरोब्बर काटकोनात, अगदी कंपास लावून बघा. आणि लाकूड? कुठे थर खाचेच्याच बाजूने, कुठे तिरके, कुठे टोकं उलटी. नीट म्हणावेत असे जेमतेम तीन. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "आमची सगळी पिसं जिगवर लागतात, सर. नव्वद अंश म्हणजे नव्वद अंश." अहो, पण जिग अंश मोजतो ते खाचेपासून! खाच कशीही चिकटवली तरी जिग बिचारा तिच्याशी इमाने इतबारे काटकोन साधणार. सगळ्या टेस्ट हिरव्या आणि प्रॉडक्शन माझ्या अंगठ्यात.

माझा राग इथे आहे. त्या दुकानदाराने नियम मोडला नव्हता. आजोबांनीही मोडला नव्हता, मीही नाही. आम्ही तिघांनी तो पाळला, आणि तो ज्यासाठी होता नेमकी तीच गोष्ट तिघांनीही बघितली नाही. ऑफिसात आपण असला कोड रोज बघतो. वर कॉमेंट: 'हे बदलू नका, फार महत्त्वाचं.' खाली त्या कॉमेंटचा कोडशी काही संबंध उरलेला नाही. तरी कॉमेंट सगळे जपतात. कारण कॉमेंट जपायला कोड वाचावा लागत नाही.

आणि एकदा का कारणाशिवाय नियमाची सवय लागली की त्याच्या शेजारी खोटे नियमही सुखाने राहायला येतात. उदाहरणार्थ, पंखाची बाजू. पक्ष्याच्या डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वळलेलं असतं, उजव्याचं दुसऱ्या. बायको डावखुरी. तिला एका अनुभवी गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं की तुझे बाण चुकतात कारण पिसं चुकीच्या पंखाची आहेत. डावखुऱ्यांना वेगळी लागतात. बिचारीने सगळे बाण बदलले. पुढच्या शनिवारी नेम तसाच.

याचं उत्तर जपानने कधीच देऊन ठेवलंय. क्यूदोमध्ये बाण जोडीने वापरतात. पहिला हाया, दुसरा ओतोया. दोघांची पिसं उलट वळणाची, त्यामुळे सोडणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर हाया घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि ओतोया उलट. धनुष्य तेच, माणूस तोच, हात तोच, २८ मीटरवरचं टार्गेट तेच. पंखाच्या बाजूने नेम बिघडत असता तर जपान्यांचा प्रत्येक दुसरा बाण शेजारच्या शेतात गेला असता. खरा नियम एवढाच आहे: एका बाणावरची सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, आणि जिगची पकड त्याच वळणाची हवी. पिसं मिसळली तर ती हवेत एकमेकांशी भांडतात. तुम्ही डावरे की उजवे, याचं पिसांना सोयरसुतक नाही.

पिसं खाचेपासून किती अंतरावर, यातही तेच. सुमारे एक इंच हा आकडा सगळे पाठ म्हणतात. का? कारण तीन बोटांनी दोरी ओढताना एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली असतात, आणि पिसं फार मागे असतील तर ती बोटांत येतात. बाकी पिसं जितकी मागे तितकी बाणाला सरळ ठेवायला चांगली, कारण हवेचा विरोध वजनाच्या मध्यापासून जितका मागे तितका तो बाणाची शेपटी धरून ठेवतो. म्हंजे हा आकडा तुमच्या बोटांच्या जाडीवर ठरतो. तुर्की, मंगोल, कोरियन, आपली मुघल पद्धत, या सगळ्यांत दोरी अंगठ्याने ओढतात. तिथे हे गणित वेगळं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाणही तिथे धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो, त्यामुळे 'बाहेर' ही दिशासुद्धा उलटी. याउलट ज्यावर खरंच रक्त सांडतं ते म्हणजे पिसाच्या दांड्याचं पुढचं टोक. ते तासून निमुळतं करून दोऱ्याने बांधलं नसेल तर मुठीवरून जाताना ब्लेडसारखं कापतं. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या 'मेरी रोझ' या जहाजावर हजारो बाण मिळाले. पिसं कुजून गेली होती, पण पिसांवरून गुंडाळलेल्या दोऱ्याच्या खुणा दिसतात. त्या कारागिरांना माहीत होतं काय बांधायचं ते.

आणि 'परंपरा, परंपरा' करणाऱ्यांना एक विचारायचंय: कुठली परंपरा? आपल्याकडच्या वासिष्ठ धनुर्वेदात एका बाणाला चार पिसं सांगितली आहेत, प्रत्येकी सहा अंगुळं. शार्ङ्ग धनुष्याच्या बाणाला दहा अंगुळं. कावळा, हंस, मोर, गिधाड अशी पक्ष्यांची यादीही आहे. (आज गिधाडाच्या पिसाला हात लावू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि मुळात गिधाडं उरलीत किती? टर्कीची पिसं सरळ विकत मिळतात.) अमेरिकेतले चेरोकी लोक दोनच पिसं लावत. चार पिसं सारख्या अंतरावर, खाचेशी तिरकी लावली तर बाण कसाही दोरीला लावा, धनुष्याकडे मोकळी फटच येते. घासण्यापुरता कोंबड्याचा प्रश्नच मिटला. पण लाकडाची दिशा मिटत नाही हं! तिथे खूण करावीच लागते, पिसाचा रंग असो नाहीतर नॉकवरचा रंगाचा ठिपका. दोन, तीन, चार, सगळे बाण उडाले, सगळ्यांनी शिकारी केल्या. प्रत्येकाने आपल्यापुढचा प्रश्न सोडवला होता. आपण फक्त उत्तर उचललं.

आजोबांशी यावर मी बोललो. भला माणूस. त्यांचं म्हणणं, "नव्या पोराला लाकडाच्या रेषा शिकवत बसलो तर तो नेम कधी मारणार? आधी नियम, मग कारण." यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. नवशिक्याला क्लबचे अ‍ॅल्युमिनियमचे बाण देतात. त्यात थर नाहीत, दिशा नाही, तिथे 'कोंबडा बाहेर' एवढं पुरे. पण ते 'मग' येतं कधी? मी दोन वर्षं तिथे होतो. अ‍ॅल्युमिनियम सोडून लाकडावर आलो त्या दिवशी कोणी म्हणालं नाही की बाबा रे, आता या नियमाचा अर्थ बदलला. आणि जो माणूस बाण बनवून विकतो त्याला तर नवशिक्याची सवलत नाहीच. १३७१ साली लंडनच्या बाण बनवणाऱ्यांनी धनुष्य बनवणाऱ्यांपासून आपला धंदा वेगळा करून घेतला होता, कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाला पूर्ण लक्ष लागतं. लक्ष कशाला लागत असेल? रंग निवडायला?

मी म्हणतो, जास्त नको, एक वाक्य पुरे. "कोंबडा बाहेर" च्या पुढे फक्त एवढं जोडा: "आणि लाकडी बाण असेल तर कोंबडा बरोबर लाकडावर बसलाय ना, ते घरी एकदा बघ." बारा बाणांना दहा मिनिटं लागतात. समांतर रेषा धनुष्याकडे, वरची टोकं पुढे. ज्याचं जुळत नाही तो बाण बाजूला काढायचा. बस.

मी त्या अकरांपैकी आठांचे नॉक आणि पिसं काढून सगळं नव्याने लावलं. एक अख्खा वीकेंड गेला आणि डायनिंग टेबलवर गोंदाचे डाग पडले ते वेगळेच. यावेळी आधी लाकूड बघितलं, मग खाच बसवली, आणि सगळ्यात शेवटी कोंबडा. अंगठ्यामागचा वण आता फिका झालाय, पण थंडीत अजून ठणकतो.

बाण लावायच्या आधी मी अजूनही दोन सेकंद दांडीच्या रेषा बघतो. इतक्यात मागून कोणीतरी ओरडतंच, "कोंबडा बाहेर!"

बाहेरच आहे हो. पण लाकूड बघितलंत का?

असो.